नव्वद कुपनं

२ मार्च

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी दोन महिने कोरीच होती. आज लिहावं असं काहीतरी झालं. फाट्यावरच्या पंपावर मला काम मिळालं. घरून पायी पंधरा मिनिटं.

मालक आबासाहेब माझ्या वडिलांना, अण्णांना, ओळखतात. म्हणाले, "बन्सीधरची लेक ना तू? बी. ए. करायलीस म्हणे. मग आकडे तर येत असतील."

"येतात," मी म्हणाले.

"मग भिऊ नको."

तरी पहिल्या गाडीला नळी नीट धरता आली नाही आणि थोडं डिझेल माझ्याच चपलेवर सांडलं. घरी आल्यावर आई म्हणाली, चपला बाहेर ठेव.

दुपारी टँकर आला. ड्रायव्हरला विचारलं, कुठून आणलं? म्हणाला, मनमाडहून. मनमाडला कुठून येतं? "मुंबईहून, नळातून." आणि मुंबईला? "जहाजातून. तिकडं वाळवंटाच्या खालून काढत्यात." म्हणजे कुठल्या कुठं जमिनीखालून काढायचं, समुद्रावरून आणायचं आणि आमच्या फाट्यावर पुन्हा जमिनीखाली ठेवायचं. मी उभी राहते तिथंच फरशीखाली टाकी आहे. बारा हजार लिटर. दिवसभर पाऊल जपून टाकत होते, खाली कुणी झोपलंय असं वाटून.

३ मार्च

आबासाहेबांनी टाकीत काठी टाकायला शिकवलं. लांब पितळी काठी, तिच्यावर आकडे. ती टाकीत बुडवायची, वर काढायची, कुठपर्यंत भिजली ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. आजचा आकडा १५२. किती सेंटिमीटरला किती लिटर, तो तक्ता मालकांच्या कपाटात असतो. मला फक्त आकडा कळतो. मी तो इथंही लिहून ठेवणार. असं मोलाचं काही मोजायला आजवर मला कुणी दिलेलं नाही.

६ मार्च

टीव्हीवर समुद्रातली एक अरुंद वाट दाखवतायत. तिथं लढाई चालू आहे आणि जहाजं अडकली आहेत. अण्णा जेवता जेवता थांबून बघत होते. म्हणाले, "एवढ्याशा वाटंवर समद्या जगाचे ट्रॅक्टर चालतेत का?"

आमचा पंप खाजगी कंपनीचा, त्यामुळे भाव आमचा आम्ही लावतो. परवा ९२ होता. काल १२१. आज सकाळी सहाला पाटीवरचे आकडे माझ्या हातानं बदलले. १४८. शिडीवरून उतरले आणि खालून बघत राहिले. मी काहीतरी चुकीचं चिकटवलं असं वाटत होतं.

सोनपेठच्या सरकारी कंपनीच्या पंपावर भाव जुनाच आहे, पण तिथं दोन दिवसांपासून थेंब नाही. आमच्याकडं आहे आणि रांगही नाही. भागवतभाऊ आले. त्यांचा ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र आहे, आमच्या शिवारातली ज्वारी तेच मळतात. टाकी फुल्ल करून घेतली. म्हणाले, "महाग हाय, पण मिळायलं तर खरं."

त्यानंतर कडूबाई मावशी आल्या, हातात पाच लिटरचा डबा. भागवतभाऊ यंदा म्हणतात, डिझेल तुमचं आणा, मी मळून देतो. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी मला भाव विचारला, मी सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. मग त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि निघाल्या. जाताना म्हणाल्या, "तुजी चूक न्हाई, लेकरा."

काठी ९७.

९ मार्च

सरकारनं भाव बांधला. डिझेल ९८ च्या वर कुणी विकायचं नाही. पाटीवरचे आकडे पुन्हा मीच बदलले, आणि यावेळी खाली उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, दिल्ली-मुंबईत कुणीतरी एक ओळ लिहितं आणि इथं फाट्यावर माझा हात शिडीवर चढतो. केवढी ताकद आहे ही.

आबासाहेब मात्र खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "शिवकन्या, टँकर मला चढ्या भावानं पडायलाय. आता त्याच्याखाली विकायचं म्हंजे घरचं घालून विकायचं. आन् नवा टँकर कोण पाठवंल ह्या भावात?"

मी विचारलं, "मग मावशीनं काय करायचं? १४८ नं घ्यायचं?"

ते म्हणाले, "तेबी खरं हाय."

काठी ७१.

१२ मार्च

टँकर आला नाही. आबासाहेबांनी दोरी बांधून "डिझेल नाही" असा पुठ्ठा लावला. मला नवल वाटलं, कारण सकाळीच काठी ३६ दाखवत होती. विचारलं तर म्हणाले, तळाला गाळ आणि पाणी असतं, काठीला ते कळत नाही. मला काठी वाचता येते असं वाटत होतं, पण अजून लय शिकायचं आहे.

रानातून घरी आले. सगळीकडं ज्वारी काढून झाली आहे. कणसांचे ढीग ठायी ठायी पडले आहेत, पांढरेशुभ्र. आमची तीन एकरांची तशीच पडली आहे. अण्णा ढिगाजवळ बसून होते. यंदा दाणा कसा टपोरा आहे ते मला दाखवलं.

१६ मार्च

तहसीलकडून सुनेत्रा मॅडम आल्या. पुरवठा विभागात आहेत, मूळच्या परभणीच्या. आता तलाठ्याकडून कुपन मिळणार, एका शेतकऱ्याला दहा लिटर, आणि ते आमच्याच पंपावर. आबासाहेबांना म्हणाल्या, जेवढं असेल तेवढं काढावं लागेल. आबासाहेब म्हणाले, "बघतो."

मॅडमना मी चहा दिला तर माझ्या अभ्यासाचं विचारत होत्या. मी धीर करून विचारलं, "मॅडम, भाव बांधला ते बरोबर झालं का?"

त्या हसल्या. "मी दोन आठवड्यांत चार पंप बघितले. भाव बांधल्यापासून डिझेल नाही. बांधायच्या आधी डिझेल होतं, पण गिऱ्हाईक माघारी जात होतं. मला विचारशील तर मलाच अजून ठरवता येईना."

एवढ्या शिकलेल्या बाईला ठरवता येत नाही हे ऐकून मला उलट बरं वाटलं.

काठी ३६. गाळ हलला नाही.

१७ मार्च

मोबाईलवर सगळ्यांना मेसेज आला. वीस-एकवीसला अवकाळी पाऊस आणि गारा. भिजली की ज्वारी काळी पडते, मग ती बाजारात कुणी घेत नाही आणि भाकरीलाही कडू लागते.

दुपारपासून रांग लागली, उद्याच्या सकाळसाठी. माणसं उन्हात कुठवर थांबणार? म्हणून त्यांनी आपापल्या जागी वस्तू ठेवल्या. एक वीट. एक टोपी. पितळी तांब्या. चपलेचा एकच जोड, त्यातली एक अंगठा तुटलेली. कुणीतरी लेकराचं दप्तर. मी टोकापर्यंत चालत गेले. नव्वद वस्तू होत्या. एकाही वस्तूला कुणी हात लावत नव्हतं, पुढं सरकवत नव्हतं. रस्त्यानं जाणारी बकरीसुद्धा हाकलून पुन्हा रांग नीट केली जात होती. तेवढ्या वेळात माझा धसका जरा कमी झाला.

सातव्या जागी अण्णांचं उपरणं होतं, वर दगड ठेवलेला. मी काही ओळख दाखवली नाही.

१८ मार्च

आजचं सगळं लिहायला जमेल का माहीत नाही. हात दुखतोय.

सकाळी आबासाहेब म्हणाले, "तीनशे लिटर निघंल. त्याच्यापुढं गाळ." मॅडमनी तसं रांगेला सांगितलं. पहिल्या तीस जणांना मिळेल. मागचे साठ जण तरी रांगेतच उभे राहिले. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

भागवतभाऊ बाराव्या नंबरवर होते. ते पुढच्यांना विचारू लागले, "हजार रुपये एका कुपनाचे. कोण देतंय?" दोघांनी दिली. मॅडम चिडल्या. भागवतभाऊ म्हणाले, "मी काय चोरी करायलो का? त्याला पैसे पायजेत, मला डिझेल पायजे. तुमी भाव डिझेलला बांधला, आता त्यो कुपनाला फुटला. आन् दहा लिटरात माझं मशीन दोन तास चालतंय. दहा-दहा लिटर नेऊन तीस जणं काय करणार? कुणाचंच पुरं व्हनार न्हाई."

मला वाटलं, माणूस पैशाचं बोलतोय, पण खोटं बोलत नाही.

तेव्हा कडूबाई मावशी मागून चालत आल्या. त्यांचा नंबर चौऱ्याहत्तर. भागवतभाऊंसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"भागवत, माझं कुपन मी तुला इकीन. हजार रुपये दे. ते हजार रुपये मी कणसावर झाकू का?"

"मग काय करू, मावशी?"

"समद्यांची कुपनं एका जागी ठेवा. शिवारात पाच मशीनी हायेत. जेवढं डिझेल निघंल तेवढं त्या पाचात घाला. नदीकडून मळत वर या. कुणाचं रान, कुणाचं कुपन, इचारू नका. जिथं संपंल तिथं संपलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुजं रान तर नदीकडंच हाय की."

"हाय. मग वरून सुरू करा. माझं शेवटाला घ्या."

कुणी हललं नाही. मी नळी हातात धरून उभी होते. मग भागवतभाऊ म्हणाले, "न्हाई. नदीकडूनच. तिकडं पाणी आधी साचतंय." ते हे म्हणाले, आणि त्यांचं स्वतःचं रान माळावर आहे, अगदी शेवटी. मला वाटतं ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पहिल्यांदा कोण गेलं? अण्णा. सातवा नंबर, पहाटेपासून उभे. आमचं रानही माळाकडंच. त्यांनी आपलं कुपन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून खिशातली चुन्याची डबी वर ठेवली. मला राग आला. दहा लिटर हातात होते, आमची एखाद एकर तरी झाली असती. मी त्यांच्याकडं बघितलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. मग एकेक जण येत गेला. पहिले तीस, ज्यांचं डिझेल पक्कं होतं, तेही. भागवतभाऊंनी आपलं एक आणि विकत घेतलेली दोन, अशी तिन्ही ठेवली. दिलेले पैसे परत मागितले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, कुपन दुसऱ्याला देता येत नाही. मग त्यांनी हुकमाचा कागद काढला, दोनदा वाचला, आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. 'कूपनधारकास दहा लिटर डिझेल द्यावे.' मॅडम म्हणाल्या, "धारकानं ते कशात ओतून घ्यावं, हे लिहिलेलं नाही. प्रत्येकानं स्वतः यायचं, सही करायची, आणि भांडं दाखवायचं." सगळ्यांनी भांडं म्हणून ट्रॅक्टर दाखवला.

मी दहा-दहा लिटर सोडत गेले. प्रत्येक जण येऊन सही करायचा आणि दुसऱ्याच्या टाकीवर एक हात ठेवून उभा राहायचा, आपले दहा लिटर जाईपर्यंत. हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला सही येत नव्हती त्याचा अंगठा मॅडमनी स्वतः पॅडवर धरला.

तिसावं कुपन झालं. तीनशे लिटर. मी थांबले आणि आबासाहेबांकडं बघितलं. ते खुर्चीत खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "चालू दे. निघतंय तवर काढ."

एकतिसावं निघालं. बत्तिसावं निघालं. मला वाटायचं, आता हवा येईल, आता नळी खोकेल. चाळीस. पन्नास. लोक माझ्याबरोबर मोठ्यानं मोजू लागले. ट्रॅक्टरच्या टाक्या भरल्या, मग ड्रम आणले. साठाव्याला माझ्या अंगावर काटा आला. ज्या टाकीत गाळ आहे असं मालक रोज सांगत होते, तिच्यातून स्वच्छ, पिवळं डिझेल येत राहिलं. चौऱ्याहत्तरावं मावशींचं. त्यांनी अंगठा दिला आणि भागवतभाऊंच्या ड्रमवर हात ठेवला. नव्वदावं कुपन झालं तरी नळीत जोर होता.

हे कसं झालं मला सांगता येत नाही. मी देवाधर्माचं फार करत नाही, पण आज फरशीवर वाकून हात लावला आणि हात कपाळाला नेला. आणखी दोघा-तिघांनी तसंच केलं.

मावशी जाताना आबासाहेबांच्या खुर्चीजवळ थांबल्या. म्हणाल्या, "मालक, तुमच्या टाकीनं लाज राखली." आबासाहेबांचे डोळे लाल झाले होते. दिवसभर धुळीत बसून होते ना. मी त्यांना पाणी दिलं तर ग्लास धरायला दोन्ही हात लावले.

नंतर काठी टाकली. १९. मी वहीत लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी वही मिटली. "आता गाळ हाय," म्हणाले.

१९ मार्च

पाच मशीनी चालू आहेत. पंपावरून आवाज येतो, एकसारखा, थांबतच नाही. पंपावर काम नाही म्हणून दुपारी रानात गेले. कडूबाई मावशींची दीड एकर दोन तासांत झाली. त्यांनी पोत्यात हात घातला, दाणे वर काढले आणि पुन्हा सोडले. तीन-चारदा तेच केलं. तोवर मशीन शेजारच्या रानात गेलंही होतं. तिथं ते लोक होते ज्यांच्याशी मावशींचं बांधावरून वाकडं आहे. मावशी पोतं तसंच सोडून मशीनला कणसं द्यायला तिकडं गेल्या.

भागवतभाऊंनी काल कुपनामागं हजार रुपये लावले होते, त्याच भाऊंनी रात्रभर डोळा मिटलेला नाही. ते चांगले आहेत की वाईट, मला आता कळेना झालंय.

२० मार्च

आमचं दुपारी दोनला झालं. सत्तावीस पोती. अण्णा मला म्हणाले, "परवा तू माझ्याकडं रागानं बघत हुतीस." मी पोतं शिवत राहिले. ते म्हणाले, "मलाबी भ्या वाटलं व्हतं. म्हनून आधी गेलो. इचार करत बसलो असतो तर गेलो नसतो."

साडेतीनला भागवतभाऊंच्या रानात शेवटचं मशीन बंद पडलं. डिझेल संपलं. त्यांची चार एकरांची कणसं तशीच, आणि पश्चिमेला आभाळ शिसासारखं झालं होतं.

भागवतभाऊ ट्रॅक्टरवरच बसून राहिले. म्हणाले, "ठरलं तसं झालं. जिथं संपंल तिथं संपलं."

तेव्हा लोक निघाले. एकानंही हाक मारली नाही. जो तो पाटी, पोतं, लुगडं, चादर घेऊन आला आणि कणसं भरू लागला. पण ठेवायची कुठं? घरं लांब. पंप सगळ्यात जवळ. मी पळत जाऊन आबासाहेबांना विचारलं. वाटलं, नाही म्हणतील, कारण इथं बिडीसुद्धा ओढू देत नाहीत. ते स्वतः उठले, खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि केरसुणी घेऊन फरशी झाडू लागले. मी त्यांना झाडताना पहिल्यांदा बघितलं.

तासभर माणसांची एक ओळ माळापासून पंपापर्यंत चालत होती, डोक्यावर कणसं घेऊन. मॅडमही होत्या, साडी खोचून. परवा हीच माणसं याच रस्त्यावर दहा लिटरसाठी उभी होती.

पहिली गार पत्र्यावर वाजली तेव्हा शेवटची पाटी आत आली. मग कानठळ्या बसतील असा आवाज. आम्ही साठ-सत्तर जण पंपाच्या छताखाली, आणि मध्ये पंपाच्या दोन्ही मशीनच्याही वर गेलेला कणसांचा ढीग. बाहेर सगळं पांढरं. वर भावाची पाटी चमकत होती, ९८, आणि खाली डिझेलचा थेंब नव्हता. मी ढिगाला पाठ लावून उभी होते. कणसं अजून उन्हानं उबदार होती.

२३ मार्च

मोबाईलवर दोन माणसं भांडत होती. सरकारनं भाव बांधावा की बांधू नये. दोघंही मोठ्या शहरातले, दोघंही हुशार. मी पूर्ण ऐकलं. एक जण बोलला तेव्हा मला डबा पदराखाली घेऊन निघालेल्या मावशी दिसल्या. दुसरा बोलला तेव्हा "डिझेल नाही" हा पुठ्ठा दिसला. दोघंही बरोबर आहेत असंच वाटत राहिलं. पण अठरा तारखेला इथं जे झालं, त्याबद्दल त्यांच्यातला एकही काही बोलला नाही. त्यांना माहीत नसेल.

आता म्हणतात भाव थोडा वाढवणार आणि वरचा फरक सरकार पंपवाल्यांना देणार. चालेल की नाही, बघू.

आज सकाळी टँकर आला. मागं गाड्यांची रांग, पार वळणापर्यंत. पण फरशीवर भागवतभाऊंची कणसं वाळत घातलेली होती, टँकरला आत यायला जागा नव्हती. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, "मालक, हे काय?"

आबासाहेब म्हणाले, "ज्वारी हाय. थांब थोडं."

भागवतभाऊ पोती भरू लागले. रांगेतले लोक गाड्या बंद करून उतरले, काही आमच्या गावचे, काही अगदी अनोळखी, पोखर्णीकडचे. त्यांनी पोत्यांची तोंडं धरली. अर्धा तास लागला. तेवढा वेळ बारा हजार लिटर डिझेल रस्त्यावर उभं होतं, आणि इतक्या गाड्यांपैकी एकीनंही हॉर्न वाजवला नाही.